वेताळ टेकडीवरील सरडे : एका उबदार हिवाळ्याच्या नोंदी

१ डिसेंबर २०२२, गुरुवार

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या वेताळ टेकडीवर अकरा सकाळी फिरून मी सरड्यांच्या काही तुटक नोंदी केल्या होत्या. यंदा तेच काम ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या वेळी आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खंड न पाडता करायचे आहे. थंडी कमी पडली तर सरड्याच्या दिवसात नेमका काय फरक पडतो आणि तो फरक त्याला मानवतो का, एवढाच प्रश्न मी समोर ठेवला आहे. हिवाळ्यात सरडे जास्त दिसले म्हणजे त्यांचे बरे चालले आहे, असे गेल्या वर्षी मी गृहीत धरले होते. ते तपासून पाहिले पाहिजे.

वाट जुन्या दगडखाणीच्या कडेने जाते आणि सुमारे ८०० मीटर लांब आहे. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात उघडा काळा कातळ, फुटके दगड आणि तुरळक हिवर आहेत, तर उरलेल्या भागात लावलेले गिरिपुष्प आणि कमरेइतके वाळलेले कुसळी गवत आहे. सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि सायंकाळी साडेचार अशा तीन फेऱ्या करायच्या, प्रत्येक फेरीला सारखाच वेळ द्यायचा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना पाच मीटरच्या आत दिसलेला प्राणीच मोजायचा, असे ठरवले आहे. एकही प्राणी पकडायचा नाही.

नोंदी तीन प्राण्यांच्या करायच्या आहेत. पहिला आपला नेहमीचा बागेतला सरडा, म्हणजे कॅलोटिस व्हर्सिकलर. दुसरी सापसुरळी, जिला अनेक जण सापाची मावशी म्हणतात. आणि तिसरा ओफिसॉप्स हा बोटभर लांबीचा, गवताच्या मुळाशी धावणारा सरडा, ज्याच्या डोळ्यांवर पारदर्शक आवरण असल्याने तो सापासारखा पापणी न मिटता पाहत राहतो. पाली रात्रीच्या असल्यामुळे त्यांना या कामात घेतलेले नाही. कॅलोटिसविषयी एक सावधगिरी बाळगायची आहे. आशियाच्या फार मोठ्या भागात एकाच नावाने ओळखला जाणारा हा सरडा प्रत्यक्षात अनेक जातींचा समूह आहे, असे २०२१ मध्ये झालेल्या पुनरभ्यासात दाखवण्यात आले. त्यामुळे म्यानमार किंवा पाकिस्तानातील सरड्यांची मोजमापे इथल्या सरड्यांना सरसकट लावता येणार नाहीत.

४ डिसेंबर, रविवार

आकाश निरभ्र होते. लॉगरवर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणाऱ्या छोट्या उपकरणावर, पहाटेचे किमान तापमान १४.८ अंश नोंदले गेले. सकाळच्या फेरीत सहा सरडे, दोन सापसुरळ्या आणि एक ओफिसॉप्स दिसला. पहिला सरडा ९ वाजून २० मिनिटांनी, पूर्वेकडे उतरत्या कातळावर, अंग पूर्ण पसरून ऊन खात बसलेला होता. त्याचा रंग जवळजवळ काळपट होता. थंड अंगाने बाहेर आलेला सरडा गडद होतो, त्यामुळे ऊन लवकर शोषले जाते, आणि अंग तापले की तोच फिकट होतो. दुपारच्या फेरीत आठ, सायंकाळी तीन.

सूर्यास्तानंतर टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका सोसायटीचे मेंदीचे कुंपण टॉर्चने पाहिले. कॅलोटिस रात्री फांदीच्या टोकाशी, बारीक डहाळीला बिलगून झोपतो आणि झोपेत इतका फिकट होतो की टॉर्चच्या उजेडात दुरूनही उठून दिसतो. साठ मीटर कुंपणावर पाच सरडे होते. तिथल्या वॉचमनमामांनी आपणहून सांगितले, “ताई, थंडी पडली की हे कुंपणावरून गायब होतात बघा. दगडाच्या सांदीत जातात. यंदा अजून रोज आहेत.” बारा वर्षे रोज रात्री तेच कुंपण पाहणाऱ्या माणसाचे हे निरीक्षण मला मोलाचे वाटते, म्हणून ते जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. आजपासून हे कुंपणही कामात धरले.

७ डिसेंबर, बुधवार

एक चूक लक्षात आली. गेले तीन दिवस मी इन्फ्रारेड थर्मामीटरने सरड्यांच्या पाठीचे तापमान घेत होते आणि ३४, ३६, ३७ असे आकडे समाधानाने लिहीत होते. आज रात्री उपकरणाची पुस्तिका पुन्हा वाचली. अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास यांचे प्रमाण १२ ला १ आहे. म्हणजे दीड मीटरवरून मोजले तर ते उपकरण साडेबारा सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे सरासरी तापमान दाखवते. सरड्याची पाठ जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद. मी सरड्याचे म्हणून जे लिहीत होते ते बहुतांशी त्याच्याखालच्या खडकाचे तापमान होते. तिन्ही दिवसांचे हे आकडे वहीत लाल रेघेने रद्द केले आहेत, मात्र पुसलेले नाहीत.

अंगाला हात न लावता सरड्याला किती ऊब मिळत असेल हे कळण्याची जुनी आणि भरवशाची रीत म्हणजे त्याच्या आकाराची पोकळ धातूची प्रतिकृती उन्हात ठेवून तिच्या आतले तापमान मोजणे. हवेचा थर्मामीटर सावलीतल्या हवेचे तापमान सांगतो. सरड्याला मात्र वरून ऊन, खालून तापलेला दगड आणि बाजूने वारा, हे सगळे एकत्र मिळते, आणि प्रतिकृतीही तेच एकत्र मिळालेले मोजते.

१० डिसेंबर, शनिवार

एसी दुरुस्तीच्या दुकानातून तांब्याची नळी आणली. प्रत्येकी दहा सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे केले, त्यांना करड्या-तपकिरी रंगाचा हात दिला, आत लॉगरचा सेन्सर सरकवून टोके एम-सीलने बंद केली. एक नळी उघड्या कातळावर आणि दुसरी जवळच्याच दगडांच्या सांदीत, हातभर आत ठेवली. नोंद दर दहा मिनिटांनी होते. पुढील नोंदींत यांना ‘कातळनळी’ आणि ‘सांदनळी’ म्हणेन.

काल रात्री मंदौस चक्रीवादळ तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मामल्लपुरमजवळ जमिनीवर आले. आज दुपारपासून इथे उंचावरचे पातळ ढग दिसू लागले आहेत.

१३ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस जरा सविस्तर लिहावा लागेल, कारण प्रश्नाकडे पाहण्याची माझी दिशाच आज बदलली.

वादळाचे अवशेष द्वीपकल्प ओलांडून पश्चिमेकडे गेल्यापासून आकाश सलग भरलेले आहे आणि मधूनमधून तुरळक सरी येत आहेत. पहाटेचे किमान तापमान १९.४ अंश, म्हणजे ४ तारखेपेक्षा साडेचार अंशांहून जास्त. स्वेटर घालून निघाले होते, तो दहा मिनिटांत काढला. अशा उबदार सकाळी सरडे लवकर आणि भरपूर दिसतील अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात सकाळच्या फेरीत एक, दुपारी दोन आणि सायंकाळी एकही नाही. सापसुरळी नाही, ओफिसॉप्स नाही. दिसलेले सरडे गडद रंगाचे, हिवराच्या खोडाला चिकटलेले होते. त्यातल्या एकाने मला दोन मीटरपर्यंत येऊ दिले आणि मग पळण्याऐवजी खोडामागे हळूच सरकला.

नळ्यांच्या नोंदी उतरवल्यावर कारण समोर आले. कातळनळी सकाळी साडेनऊला २१.८ अंशांवर होती आणि दिवसभरात २६.३ च्या वर गेलीच नाही. ११ तारखेला, म्हणजे ढग दाट होण्याआधी, हीच नळी साडेदहाच्या सुमारास ३३ अंशांवर पोहोचली होती. म्हणजे हवा उबदार होती, पण सरड्याच्या वाट्याला ऊब नव्हती. आपल्या अंगाची उष्णता आपण आत तयार करतो, म्हणून आपल्याला हवेचा गारवा गेला की उबदार वाटते. सरड्याला मात्र हालचालीसाठी, शिकारीसाठी, एवढेच काय पण पोटातले अन्न पचवण्यासाठीही लागणारी उष्णता बाहेरून, बहुतेक थेट उन्हातूनच घ्यावी लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट संध्याकाळी कुंपणावर कळली. तिथे नऊ सरडे झोपलेले होते, आतापर्यंतचे सर्वांत जास्त. दिवसा जे फारसे बाहेर पडले नाहीत ते रात्री मात्र उघड्यावर होते, कारण सांदीत शिरावे इतकी थंडी नव्हती. आता हिशेब मांडला तर तो असा होतो : शरीराचे तापमान दहा अंशांनी वाढले की सरपटणाऱ्या प्राण्यांचा चयापचय साधारण दुपटीने ते तिपटीने वाढतो. थंड रात्री सरड्याचे शरीर जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे पोटातली चरबी फारशी खर्च होत नाही. उबदार रात्री ती खर्च होत राहते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन नसेल तर शिकार करून ती भरून काढताही येत नाही. उबदार पण ढगाळ दिवस सरड्यासाठी खर्चाचा आणि बिनकमाईचा दिवस आहे. हिवाळ्याला ‘उबदार’ हा एकच शब्द लावून मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या : रात्रीची ऊब आणि दिवसाचे ऊन.

१४ डिसेंबर, बुधवार

ढग कायम होते. तिन्ही फेऱ्या मिळून दोन सरडे.

२२ डिसेंबर, गुरुवार

आकाश स्वच्छ झाले आहे. किमान १३.१. सकाळी सात, दुपारी नऊ, सायंकाळी चार सरडे दिसले. पहिला ९ वाजून १५ मिनिटांनी. सरडे भुकेले असावेत असे वाटले, कारण अर्ध्या तासात एकाच मादीने चार वेळा खडकावरून खाली झेप घेऊन काहीतरी उचलले. त्यातला एक नाकतोडा मला स्पष्ट दिसला, बाकी बहुधा मुंगळे. यंदाच्या पावसाळ्याअखेर अंड्यांतून निघालेली पिल्लेही गवताच्या कडेने दिसली, तीन, प्रत्येकाचे धड अंगठ्याएवढे. हिवाळ्यात ऊन भरपूर मिळाले तर या पिल्लांना वाढायला जास्त दिवस मिळतील; मोठ्यांच्या आणि पिल्लांच्या नोंदी यापुढे वेगळ्या ठेवायला हव्यात, हे सुरुवातीलाच सुचायला हवे होते.

परतताना खाणीवर शिक्रा घिरट्या घालताना दिसला. उन्हाला बसलेला सरडा त्यालाही तितकाच सहज दिसतो.

४ जानेवारी २०२३, बुधवार

भारतीय हवामान विभागाच्या आकडेवारीनुसार सरलेला डिसेंबर देशभराच्या सरासरीने १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण डिसेंबर ठरला. प्रशांत महासागरात सलग तिसऱ्या हिवाळ्यात ला निना असताना, म्हणजे जगाचे सरासरी तापमान एरवी किंचित खाली ओढले जाते अशा काळात, हे घडले आहे. देशाच्या सरासरीवरून एका टेकडीच्या कातळाविषयी काही ठरवता येत नाही, हे मान्य. पण वॉचमनमामांचे म्हणणे आणि हा आकडा एकाच बाजूला बोट दाखवतात, म्हणून इथे नोंदवला.

१० जानेवारी, मंगळवार

थंडी अखेर आली. लॉगरवर पहाटे ८.७ अंश. टेकडीवर फिरायला येणाऱ्यांची गर्दी निम्म्यावर आली होती आणि गवतावर दव इतके होते की गुडघ्यापर्यंत पँट भिजली.

१३ डिसेंबरच्या नोंदीची कसोटी पाहण्यासाठी असाच दिवस हवा होता. आकाश पूर्ण निरभ्र, वारा जवळजवळ नाही. कातळनळी आठ वाजता ११ अंशांवर होती, नऊ वाजता १९, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी ती ३०.२ वर पोहोचली. पहिला सरडा ९ वाजून ५० मिनिटांनी बाहेर आला, म्हणजे २२ डिसेंबरपेक्षा पस्तीस मिनिटे उशिरा. साडेआठची फेरी संपली तेव्हा फक्त तोच एक पाहिलेला होता. दुपारच्या फेरीत मात्र दहा सरडे, तीन सापसुरळ्या आणि चार ओफिसॉप्स होते. या हिवाळ्यातली ही सर्वांत मोठी दुपारची संख्या, आणि ती सर्वांत थंड दिवशी मिळाली. संध्याकाळी कुंपणावर एकच सरडा होता, तोही आतल्या जाड फांदीवर.

सांदनळीची नोंद विशेष बोलकी आहे. बाहेर ८.७ अंश असताना सांदीत तापमान १३ च्या खाली गेले नाही, आणि दिवसभर ते १३ ते १८ च्या दरम्यान राहिले. म्हणजे सांदीत शिरलेला सरडा थंडीच्या कडाक्यापासून वाचतो, पण शरीर मंद राहील इतका थंडही राहतो. काल रात्री सरड्यांनी जो निवारा निवडला तो खर्च वाचवणारा होता, आणि आजचे ऊन कमाईचे. थंड रात्र आणि स्वच्छ ऊन ही जोडी सरड्याला डिसेंबरच्या उबदार ढगाळ आठवड्यापेक्षा जास्त सोयीची असावी असे मला आता वाटते. एका दिवसाच्या बळावर हे ठामपणे लिहिणार नाही.

१५ जानेवारी, रविवार

किमान १०.२, निरभ्र. पहिला सरडा ९.४०. दुपारी नऊ. कुंपणावर दोन. १० तारखेशी जुळते.

२९ जानेवारी, रविवार

आज एकाच सरड्याविषयी लिहिते. शेपटी मुळापासून चार बोटांवर तुटलेला एक मोठा नर ४ डिसेंबरपासून माझ्या छायाचित्रांत आहे. पालीची किंवा सापसुरळीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते. कॅलोटिसची तशी वाढत नाही, तुटलेली ती तुटलेलीच राहते, त्यामुळे हा नर खात्रीने ओळखता येतो. आतापर्यंत तो एकूण सतरा वेळा दिसला आणि सतराही जागा नकाशावर मांडल्या तर त्या १४ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद पट्ट्यात बसतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण सोसायटीच्या कुंपणावरील सरड्यांपुरतीच खरी नाही. खाणीतल्या उघड्या कातळावरही प्रत्येकाचे कुंपण ठरलेले दिसते.

याचा तापमानाशी जवळचा संबंध आहे. एवढ्याशा जागेत या नराकडे पूर्वेला तोंड असलेला एक खडक, हिवराची विरळ सावली आणि दोन खोल सांदी आहेत. सकाळी तो खडकावर असतो, दुपारी सावलीच्या कडेला, थंड रात्री सांदीत. ऊन बदलेल तसा तो दोन-चार मीटर सरकतो आणि तेवढ्यावर त्याचे भागते. यातला एक भाग नाहीसा झाला, समजा कोणी ते दगड उचलून नेले किंवा हिवर तोडला, तर सरासरी तापमान तेवढेच राहूनही त्याची सोय संपेल. टेकडीवर पायवाट सजवण्यासाठी किंवा बसायला सुटे दगड हलवले जातात तेव्हा कोणाचे घर उचलले जाते, हे उचलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

१९ फेब्रुवारी, रविवार

गेल्या दहा दिवसांत दुपार झपाट्याने तापली आहे, पहाट मात्र अजून थंड आहे. आज किमान १२.०, आणि दुपारी सावलीत ३४.६. एका दिवसात बावीस अंशांहून जास्त फरक.

पहिला सरडा ८ वाजून ५५ मिनिटांनी. सकाळी अकरा सरडे, दुपारी दोन, सायंकाळी सात. आकड्यांचा आकारच पालटला आहे : डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ दिवशी दुपार हीच सर्वांत गजबजलेली वेळ होती, आता सकाळ आणि सायंकाळ अशा दोन वेळा तयार झाल्या आहेत आणि मधली दुपार ओस पडली आहे. कातळनळी दीड वाजता ५१ अंशांवर होती. इतक्या तापलेल्या कातळावर थांबलेला सरडा काही मिनिटांत मरेल. म्हणून दुपारी दिसलेले दोन्ही सरडे खोडाच्या सावलीच्या बाजूला, जमिनीपासून मीटरभर वर होते. सकाळ-सायंकाळ बाहेर आणि दुपारी सावलीत, हा क्रम मी गेल्या वर्षी मार्चच्या मध्यानंतर पाहिला होता.

ज्या तासांत बाहेर पडणे धोक्याचे असते ते तास वाढत गेले, तर सरडा उष्म्याने मरण्याच्या आधीच शिकारीला वेळ न मिळाल्याने खंगतो. २०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मेक्सिकोतील सरड्यांच्या काही वस्त्या नाहीशा होण्याचे हेच कारण मांडले होते, आणि विणीच्या हंगामातल्या अशा तासांवर त्यात भर होता. इथे माद्यांच्या अंगात अंडी धरण्याचा काळ पुढे आहे. त्याआधीच दुपारचे तास हातातून जाऊ लागले, म्हणून आजची नोंद मला अस्वस्थ करते.

तुटक्या शेपटीचा नर सकाळी खडकावर, सायंकाळी हिवराच्या बुंध्याशी. डोक्याच्या बाजूंना किंचित तांबूस छटा होती. ती छायाचित्रात नीट उतरलेली नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार

वाटेच्या गवताळ भागाला काल वणवा लागला. सुमारे ३०० मीटर पट्टा जळाला. कुसळी गवत पूर्ण गेले, गिरिपुष्पाची खोडे खालून काळी झाली. जळालेल्या भागात दोन मेलेल्या सापसुरळ्या आणि एक ओफिसॉप्स सापडला. सरडे खोडांवर चढून वाचले असावेत, कारण जळालेल्या पट्ट्यातच तीन जिवंत सरडे गिरिपुष्पांवर होते, राखेच्या काळ्या पार्श्वभूमीवर दुरूनही दिसत होते, आणि जवळच कावळे होते. आग कशी लागली हे माहीत नसल्याने त्याविषयी काही लिहीत नाही.

कामाच्या दृष्टीने आता या भागाचे आकडे आधीच्या आकड्यांशी जोडता येणार नाहीत. आजपासून कातळ आणि जळका पट्टा यांची वेगवेगळी बेरीज करते.

१ मार्च, बुधवार

हवामान विभागाने काल दिलेल्या माहितीनुसार फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश होते, आणि १९०१ पासूनच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा ते जास्त आहे. सरासरी कमाल, हे शब्द मी मुद्दाम अधोरेखित केले आहेत. डिसेंबरमध्ये इथे रात्री वाढल्या होत्या, फेब्रुवारीत दुपारी वाढल्या. एकाच हिवाळ्याच्या या दोन टोकांनी सरड्याला दोन उलट बाजूंनी गाठले : पहिल्यात कमाईविना खर्च वाढला, दुसऱ्यात कमाईचे तास कमी झाले. मधल्या जानेवारीच्या थंडीत मला त्याचे दिवस सर्वांत नीट बसलेले दिसले.

आज तिसरा सेन्सर कातळाच्या पायथ्याशी, मऊ मातीत आठ सेंटिमीटर खोल पुरला. माद्या पावसाच्या सुमारास अशाच मातीत अंडी घालतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले आहे की या सरड्यात पिल्लू नर होणार की मादी हे अंडे उबण्याच्या तापमानावर ठरते. मातीचे तापमान आतापासून नोंदले गेले तर पुढे घरट्याची जागा सापडल्यावर तिच्याशी ताडून पाहता येईल.

६ मार्च, सोमवार

आज होळी. पहाटेपासून पुन्हा ढग, सकाळी अवकाळी पावसाच्या हलक्या सरी. किमान १९.१. कातळनळी दुपारपर्यंत २८ च्या आत राहिली, आणि १३ डिसेंबरप्रमाणेच सकाळच्या फेरीत कातळावर एकच सरडा दिसला. दुपारी दीड वाजता ढग फाटले. वीस मिनिटांत कातळनळी ३६ वर गेली आणि पाऊण तासात मी नऊ सरडे मोजले. आतापर्यंत कोणत्याही फेरीत इतक्या झटपट ते बाहेर पडलेले पाहिले नव्हते. तुटक्या शेपटीचा नर आपल्या खडकाच्या सर्वांत वरच्या टोकावर होता, गळा आणि गाल स्पष्ट लाल, आणि पुढचे पाय ताठ करून डोके खालीवर करत होता. समोर, पाच मीटरवर, दुसरा एक नर तेच करत होता. या दुसऱ्याचे छायाचित्र आधीच्या कोणत्याही नोंदीशी जुळले नाही. तो जळालेल्या पट्ट्याच्या बाजूने आला.

तिन्ही लॉगरच्या नोंदी उतरवून घेतल्या, बॅटऱ्या बदलल्या आणि नोंद करण्याचे अंतर दहा मिनिटांवरून पाच मिनिटांवर आणले. पुढची फेरी गुरुवारी.